रॉक हे कारखान्याच्या गावचं गाणं : आवडते अल्बम, पाहिलेल्या कॉन्सर्ट आणि थोडं भांडण

शिरोलीकर (धागाकर्ता)

परवा दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी ठोकून दिलं की कोल्हापुरात बसून मेटल ऐकणं म्हणजे उगाच इंग्रजाळलेपणा. आपलं काय ते कुस्ती, तांबडा-पांढरा आणि हलगी. तिथंच उत्तर देत बसलो असतो तर त्या बिचाऱ्याचा मिसळीचा धागा भरकटला असता, म्हणून हा वेगळा काढला.

माझं म्हणणं एवढंच: हेवी मेटल जिथं जन्मलं ते बर्मिंगहॅम म्हणजे लोखंडाचं गाव. पत्राकाम, ओतकाम, प्रेस शॉप, तीन पाळ्या. लंडनच्या पोरांकडं कला महाविद्यालयं होती, यांच्याकडं भोंगा होता. आता उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव हे आपले कोल्हापूरचे कारखान्यांचे पट्टे डोळ्यांसमोर आणा आणि सांगा, हे संगीत परकं कुठून झालं? फेटलिंग शॉपच्या (ओतीव माल घासून साफ करतात ती शेड) शेजारी ज्याचं बालपण गेलं त्याला मेटल शिकवावं लागत नाही. कान आधीच तयार असतो.

आता अल्बम. क्रमवारी लावणार नाही, तो नाद पोरांचा.

ब्लॅक सॅबथ, पहिला अल्बम. १३ फेब्रुवारी १९७० ला आला, शुक्रवार होता. सगळा अल्बम एका दिवसात रेकॉर्ड झालाय. पाऊस, ढगांचा गडगडाट, लांबवर चर्चची घंटा आणि मग ती रिफ, म्हणजे गिटारवर परत परत येणारा सुरांचा तुकडा. त्या रिफमागची गोष्ट बऱ्याच जणांना अर्धीच माहीत असते, म्हणून पुरी सांगतो.

सॅबथचा गिटारवाला टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंग करायचा. वय १७. बँडबरोबर बाहेर जायचं ठरलं होतं, नोकरीचा शेवटचा दिवस होता. दुपारी जेवायला घरी आला तेव्हा परत जायचं नाही असं त्याच्या मनात होतं. आईनं सांगितलं, काम अर्धवट सोडू नकोस. त्या दिवशी प्रेसवरचा माणूस आला नव्हता, म्हणून याला प्रेसवर उभं केलं. उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. गडी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच.

प्रेसवरचा माणूस आला नाही म्हणून दुसऱ्याला उभं केलं, हे वाक्य इंजिनिअरिंगच्या धंद्यातल्या कुणालाही नवीन नाही. आमच्या शेजारच्या शेडमध्ये एक मामा आहेत, त्यांची दोन बोटं पेरापर्यंतच आहेत. चहाचा ग्लास ते अंगठा आणि करंगळीत धरतात, आणि इतक्या सराईतपणे धरतात की नवीन माणसाच्या लक्षातही येत नाही. त्यांना मी आयोमीचा व्हिडिओ दाखवला. गाण्याकडं त्यांचं लक्षच नव्हतं. मोबाइल जवळ घेऊन, थांबवून थांबवून, बोटांवरच्या टोप्या बघत होते. "कशाच्या केल्यात रं?" म्हणाले. सांगितलं, साबणाच्या द्रवाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून गोळे केले, ते घासून बोटात बसतील असे केले, वर जुन्या जाकिटाचं चामडं चिकटवलं. मामा म्हणाले, "हुशार हाय." दाद म्हणतात ती ही.

कारखान्यातल्याच साहेबानं आयोमीला जँगो राइनहार्ट या जॅझ गिटारवाल्याची रेकॉर्ड आणून दिली. जँगो दोनच बोटांवर वाजवायचा. मग यानं पातळ तारा लावल्या. तशा गिटारच्या मिळत नव्हत्या म्हणून बँजोच्या. पुढं १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअॅलिटी'त तर तारा दीड स्वर खाली उतरवल्या, ताण कमी म्हणजे बोटाला त्रास कमी. तो जो जड, खोल, छातीत बसणारा आवाज आज जगभरच्या मेटलवाल्यांचा आहे, त्यात एका अपघाताचा मोठा वाटा आहे.

एसी/डीसी, बॅक इन ब्लॅक (१९८०). फेब्रुवारीत गायक बॉन स्कॉट गेला, जुलैत नव्या गायकासह हा अल्बम बाजारात. सुरुवातीला घंटा वाजते ना, ती एक टनाची. लफबरोच्या जॉन टेलर या घंटा ओतणाऱ्या फाउंड्रीत बनलेली. आधी गावातल्या मनोऱ्यातली घंटा रेकॉर्ड करायला गेले, तर प्रत्येक टोल्याला पक्षी फडफडायचे. शेवटी फाउंड्रीतच, घंटा टांगून, रेकॉर्डिंग केलं. ओतकामवाल्यांसाठी जादा माहिती: घंटेचं मटेरियल म्हणजे तांबं आणि कथील, कथील साधारण पाचवा हिस्सा. ओतल्यावर घंटा उलटी करून उभ्या लेथवर चढवतात आणि आतल्या बाजूनं थोडं थोडं मटेरियल काढत सूर लावतात. जास्त निघालं की संपलं, परत भरता येत नाही. मी आयुष्यभर मायक्रॉनमध्ये टॉलरन्स बघितलाय, पण कानानं टॉलरन्स बघणारा टर्नर ही चीज वेगळी.

जूडास प्रीस्ट, ब्रिटिश स्टील (१९८०). नावातच सगळं आलं. यंत्रमानव चालत येताहेत असा आवाज हवा होता, तर काटे-चमच्यांचा ट्रे हलवून रेकॉर्ड केला. तेव्हा संगणकावर तयार आवाज मिळत नव्हते. एक नंबर जुगाड.

लेड झेपलिन, चौथा (१९७१). याचं शेवटचं गाणं, 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'. मूळ गाणं १९२९ चं, मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय यांचं, मिसिसिपीच्या १९२७ च्या महापुरावर. बांध फुटला तर राहायचं कुठं, एवढाच विषय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ५५ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४३. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, इकडचा माणूस इकडं, तिकडचा तिकडं. त्या आठवड्यात मी हे गाणं किती वेळा लावलं विचारू नका. तो ड्रम पाण्यासारखाच येतो, घाई नाही, थांबत पण नाही.

त्या ड्रमचा आवाज कसा काढला तेही सांगतो. हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या वाड्यात झेपलिनचा ड्रमर बॉनम याला जिन्याखालच्या दिवाणखान्यात बसवलं आणि वर, जिन्याच्या कठड्यावरून, दोन माइक टांगले. बस्स. मी एका रविवारी बंद शेडमध्ये हेच हलगीवर करून बघितलं. क्रेनच्या हुकाला मोबाइल बांधून वर घेतला आणि खाली भाच्याला हलगी वाजवायला लावली. रेकॉर्डिंग ऐकून तोच दचकला. "मामा, ह्यो मी हाय?" म्हणाला.

कॉन्सर्टचं उद्या लिहितो. आता सेकंड शिफ्ट.

---

जुना_टीडीके

वाचतोय. बऱ्याच दिवसांनी धागा वाचताना स्पीकर चालू करावासा वाटला.

पण शिरोलीकर, यादीत 'मेड इन जपान' नाही? डीप पर्पलचा १९७२ चा, ऑगस्टमध्ये ओसाका आणि टोकियोला तीन रात्रींत रेकॉर्ड झालेला. माझ्या मते लाइव्ह अल्बम म्हणजे हाच, बाकी सगळे याचे पाहुणे. चार बाजूंत फक्त सात गाणी. चौथी बाजू तर 'स्पेस ट्रकिन' एकटंच अडवून बसतं, वीस मिनिटं.

आमच्या वेळी महाद्वार रोडच्या बाजूला एक जण कॅसेट भरून द्यायचे. हा अल्बम सी-९० वरच, म्हणजे नव्वद मिनिटांच्या कॅसेटवरच बसतो. पैसे वाचवायला मी सी-६० दिली. त्यांनी निमूट भरून दिली, आणि 'द म्यूल'मध्ये ड्रमर इयान पेसचा सोलो रंगात येतो त्या ऐन जागेवर पहिली बाजू खटकन संपायची. पुढं सीडी घेतल्यावरही त्या जागेवर माझा हात आपोआप कॅसेट उलटायला जायचा.

१९९५ मध्ये पर्पल भारतात आले तेव्हा गिटारवाला ब्लॅकमोर सोडून गेला होता, स्टीव्ह मोर्स नवीन होता. मित्र म्हणाले, ब्लॅकमोर नाही तर कशाला जायचं. मी म्हटलं, जॉन लॉर्ड आहे ना. हॅमंड ऑर्गनला मार्शलच्या अँप्लिफायरमधून काढून गिटारशी भांडायला लावणारा माणूस. २०१२ च्या जुलैत तो गेला त्या दिवशी मी दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं. बायको म्हणाली, कोण गेलं? काय सांगणार.

मुंबईत धोबी तलावचं रंगभवनही पाहिलेलं आहे. १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' व्हायचं. बाजूला कॉलेज, हॉस्पिटल, म्हणून पुढं शांतता क्षेत्राच्या नियमात ते मैदान गेलं. नियम बरोबर आहे, हॉस्पिटलच्या शंभर मीटरात लाउडस्पीकर नकोच. पण त्या बदल्यात दुसरी जागा कुणी दिली नाही, हे दुखणं राहिलंच.

---

पाचवा_गिअर

लेख भारी, पण थिअरी पंक्चर आहे.

पिंक फ्लॉइड: वॉटर्स, मेसन आणि राइट हे आर्किटेक्चर शिकताना भेटले. जेनेसिसवाले चार्टरहाउसचे, म्हणजे बड्या घरांतल्या पोरांची शाळा. क्वीनचा ब्रायन मे खगोलभौतिकीचा डॉक्टर. यात तुमचा लेथ कुठं बसतोय? रॉक हे कारखान्याचं नाही, रिकामा वेळ असलेल्या पोरांचं संगीत आहे.

आणि सगळ्यात मोठा अल्बम 'विश यू वेअर हिअर' आहे, यावर चर्चा नको.

---

शिरोलीकर

@पाचवा_गिअर, शीर्षक मुद्दाम तसं ठेवलंय भावा, तुझ्यासारखा कुणीतरी येणार याची खात्री होती.

फ्लॉइड मान्य. १९७५ चा तो अल्बम माझ्याही कपाटात आहे. पण त्यातलं दुसरं गाणं कोणतं? 'वेलकम टू द मशीन'. सिंथेसायझरची जी धडधड सुरू होते ती ऐकून मला आमचा कॉम्प्रेसर आठवतो. आर्किटेक्चरच्या पोरांनाही शेवटी मशीनच सुचलं.

जॉन लॉर्डसाठी दुकान बंद ठेवणाऱ्या @जुना_टीडीके यांना आपला कडक सलाम.

---

तीव्र_मध्यम

मी रॉकचा माणूस नव्हे. लहानपणापासून देवल क्लबच्या मैफिली ऐकत आलो, घरात जयपूर-अत्रौली घराण्याच्या गाण्याशिवाय काही वाजत नसे. अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी होते त्या गावचा मी, कान तिकडचाच. तरी मुलाच्या नादानं सॅबथचा तो पहिला तुकडा ऐकला, म्हणून दोन ओळी.

ती रिफ स्वरांत मांडली तर फक्त तीन पायऱ्या आहेत: सा, वरचा सां, आणि तिथून उतरून तीव्र मध्यम. बस. षड्ज आणि तीव्र मध्यम यांतलं अंतर युरोपात जुन्या काळापासून अशुभ मानत आले, म्हणून तिकडच्या माणसाला ते ऐकून काटा येतो म्हणे. आपल्याकडं तीव्र मध्यम यमनमध्ये रोज संध्याकाळी भेटतो आणि कुणी घाबरत नाही. फरक असा की यमनमध्ये तो पंचमाकडं निघालेला असतो. इथं हा माणूस तीव्र मध्यमावर जाऊन बसतो, तिथंच बोट थरथरवत राहतो आणि पंचम देतच नाही. अपेक्षा निर्माण करून ती पुरी न करणं, हे ज्याला कळलं त्याला गाणं कळलं.

बाकी तो ओरडा मला झेपला नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. मुलाला सांगितलं, दार लावून ऐक.

---

पाचवा_गिअर

@तीव्र_मध्यम काका, नाद खुळा! इतकी वर्षं ही रिफ वाजवतोय, पंचम मिळत नाही म्हणून पोटात खड्डा पडतो हे आज समजलं.

---

यंत्रमाग

इचलकरंजीहून हजेरी. कारखान्याचाच हिशेब असेल तर आम्हाला विसरू नका. आमच्या गावाला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात. त्या न्यायानं ओएसिस, द स्मिथ्स, स्टोन रोझेस सगळे आमच्या वाट्याचे. वाटणी करून घ्या, नंतर तक्रार नको.

विनोद सोडा, पण जॉय डिव्हिजनचा 'अननोन प्लेझर्स' (१९७९) ऐकलाय का कुणी? कंपनीचं नावच 'फॅक्टरी रेकॉर्ड्स'. मेटलवाले भट्टीचा आवाज काढतात, हे लोक बंद पडलेल्या गिरणीचा. निर्माता मार्टिन हॅनेट यानं ड्रम असे रेकॉर्ड केलेत की प्रत्येक ठोका रिकाम्या शेडमध्ये पडल्यासारखा वाटतो. आमच्या गल्लीत पूर्वी रात्रभर खटखट असायची, झोप त्याच्यावरच लागायची. मंदीत एकेक कारखाना बंद होत गेला, माग भंगारात गेले, आणि रात्री शांत झाल्या. पाहुणे म्हणाले, बरं झालं, आता झोप चांगली लागेल. वडील रात्री उठून बसायचे. त्या दिवसांत माझ्या कानात हा अल्बम होता. गायक इयान कर्टिसनं १९८० मध्ये आत्महत्या केली, वय २३. त्यामुळं हा अल्बम ऐकताना जपून, मन बरं नसेल तेव्हा नको.

---

शिरोलीकर

@यंत्रमाग, वडिलांचं वाचून गप्प बसलो थोडा वेळ. 'अननोन प्लेझर्स' आज रात्री लावतो.

कबूल केल्याप्रमाणं कॉन्सर्ट.

कोल्हापूरच्या रॉकवाल्याचं एक बरं आहे. आपण पुणे-बंगळूर हायवेवरच. मुंबईत शो असेल तर रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस, बंगळूरला असेल तर तावडे हॉटेलला उभं राहून ट्रॅव्हल्स. काळे टी-शर्ट घातलेली पोरं तिथं उभी दिसली की समजायचं, पॅलेस ग्राउंड्सला कायतरी आहे.

माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठी रात्र आयर्न मेडन, मुंबई, १ फेब्रुवारी २००८. वांद्रे-कुर्ला संकुल. आदल्या वर्षी मार्चमध्ये ते बंगळूरला येऊन गेले होते, भारतातला तो त्यांचा पहिला शो. पण मुंबईचं महत्त्व वेगळं: त्यांचा जागतिक दौराच इथून सुरू झाला. पहिला शो, त्यामुळं गाण्यांची यादी आधी कुठं फुटायची सोयच नव्हती. बँडचं स्वतःचं बोइंग ७५७, आणि ते उडवणाऱ्यांत गायक ब्रूस डिकिन्सन. विमान चालवत यायचं आणि मग दोन तास स्टेजवर पळत गायचं. आपण एसटीनं पुण्याला जाऊन आलो तरी दुसऱ्या दिवशी रजा टाकतो.

सगळा भर जुन्या, ऐंशीच्या दशकातल्या गाण्यांवर. चर्चिलचं भाषण सुरू झालं आणि 'एसेस हाय' येणार हे कळल्यावर जी आरोळी उठली ती विसरणं शक्य नाही. पण माझं काळीज 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर'ला अडकलं. १९८४ च्या 'पॉवरस्लेव्ह'मधलं तेरा मिनिटांचं गाणं. मध्ये सगळं थांबतं, फक्त बास आणि जहाजाच्या लाकडाची करकर. एवढ्या गर्दीत कुणी शिट्टी मारली नाही. माझ्या शेजारी नागालँडचा एक पोरगा होता, त्याला हिंदी जेमतेम, मला इंग्रजी जेमतेम. गाणं परत उसळलं तेव्हा आम्ही एकमेकांच्या गळ्यात हात टाकून ओरडत होतो. नाव विचारायचं राहिलं.

मेटॅलिका, बंगळूर, ३० ऑक्टोबर २०११. ही वेगळ्या कारणानं लक्षात. दोन दिवस आधी गुडगावचा शो ऐन वेळी रद्द झाला, चिडलेल्या लोकांनी स्टेज मोडलं. आम्ही ट्रॅव्हल्समध्ये बसलो तेव्हा बंगळूरचं तरी होतंय का नाही, कुणालाच खात्री नव्हती. धारवाडच्या पुढं गाडी चहाला थांबली, तिथंही तेवढीच चर्चा. मग संध्याकाळी पडद्यावर 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' सिनेमातला कब्रस्तानात धावणारा माणूस दिसला आणि एनिओ मॉरिकोनेचं संगीत सुरू झालं. १९८३ पासून ते त्याच सुरावटीवर स्टेजवर येतात. तेव्हा जीवात जीव आला.

फ्लॉइडचा रॉजर वॉटर्स २००७ ला मुंबईत त्यांचा 'डार्क साइड' अल्बम अख्खा वाजवून गेला. वाजवला उत्तम. पण मला कॉन्सर्टमध्ये घाम लागतो, तिथं लोक खुर्चीवर बसून डोळे मिटत होते. एवढं बोलून पुढं जातो, नाहीतर @पाचवा_गिअर घरी येईल.

---

कोल्हापुरी_ठेचा

मूळची राजारामपुरीची, आता पुण्यात. धागा सुंदर, पण यात सगळे दादा, काका आणि मामाच. म्हणून एक ताई.

तुमच्या त्या थोर कॉन्सर्टना आम्ही पोरी का नव्हतो, यावर कुणी बोलत नाही. रात्रभर ट्रॅव्हल्स, परत रात्रभर ट्रॅव्हल्स, मैदानात धक्काबुक्की, आणि "सोबत कोण आहे?" या प्रश्नाला घरी पटेल असं उत्तर नाही. २००८ ला मी कॉलेजात होते. मेडनचं तिकीट मैत्रिणीच्या भावानं काढून ठेवलं होतं. घरी विचारायचं धाडसच झालं नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो बघितला, तेवढंच माझं मेडन.

म्हणून आता होणाऱ्या फेस्टिव्हलना जुने लोक नाकं मुरडतात तेव्हा मला राग येतो. मार्च २०२५ ला महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापलूझात ग्रीन डे बघितलं. 'अमेरिकन इडियट' (२००४) मी अथपासून इतिपर्यंत पाठ केलेला अल्बम, एक सलग गोष्ट आहे ती, सुटी गाणी नव्हेत. नवऱ्याला रॉकमधलं काही कळत नाही, तो मुलीला घेऊन मागं गवतावर बसला होता. मी एकटी पुढं घुसले आणि घसा बसेपर्यंत गायले. शेजारी साठीच्या एक बाई होत्या, त्यांना सगळे शब्द येत होते. हे रंगभवनात झालं असतं?

तक्रारीही आहेत. एका शोला (नाव घेत नाही) गेटवर पाण्याच्या बाटल्या काढून घेतल्या आणि आत पाण्याच्या स्टॉलला अर्धा तास रांग. बायकांच्या स्वच्छतागृहांची रांग त्याहून मोठी. तिकिटाचे भाव बघता निदान पाणी तरी द्या. आणि कोल्हापूरला परतायचं असेल तर महालक्ष्मी एक्सप्रेस शो संपायच्या आधीच सुटलेली असते, त्यामुळं मुक्काम आलाच, तो खर्च वेगळा.

---

जुना_टीडीके

@कोल्हापुरी_ठेचा, खरं आहे. रंगभवनात बायका हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या असत, आणि आम्हाला त्यात काही वावगं वाटत नसे.

---

पाचवा_गिअर

आता जाळ काढतो. रॉकवाले मोठ्या आवाजाचं एवढं कौतुक करता, मग गणपतीत डॉल्बी लागला की "कान फुटले, काचा हादरल्या" म्हणून हेच लोक पुढं. दुटप्पीपणा नाही का?

---

शिरोलीकर

दुटप्पी नाही. सांगतो.

मैदानात स्पीकर उंच टांगलेले असतात, लांबवर समान आवाज जावा असे वाकवून लावलेले. आवाज मोकळ्यात पसरतो आणि ज्याला नको तो तिकीट काढत नाही. आपल्याकडं ट्रॉलीवर भिंत रचतात, सगळा जोर बासवर, आणि ती भिंत आठ-दहा फुटांच्या गल्लीत घुसवतात. दोन्हीकडं घरं, आवाजाला जायला जागा नाही. त्यात अँप्लिफायर झेपेल त्याच्या पलीकडं रेटलेला, म्हणजे लाट वरून-खालून छाटली जाते आणि कानाला ती करवतीसारखी लागते. नियमात निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. हे आकडे कागदावरच.

आणि खरं सांगू? विसर्जनात मला हलगी, घुमकं आणि कैचाळ पाहिजे. वीज नाही, अँप्लिफायर नाही, तरी अंगात येतं. कुस्तीच्या फडात हलगीवाला पैलवानाबरोबर लय वाढवत नेतो ती बघा, बॉनम तेच करतो.

---

तीव्र_मध्यम

घुमक्याचा विषय निघाला म्हणून अवांतर. झेपलिनचे दोघे १९७२ मध्ये मुंबईत येऊन आपल्या वादकांबरोबर रेकॉर्डिंग करून गेले होते, असं मुलगा सांगतो. खरं आहे का?

---

जुना_टीडीके

खरं आहे काका. जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट. स्वतःची दोन गाणी, 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स', इथल्या वादकांकडून वाजवून घेतली. अधिकृतपणे २०१५ ला झेपलिनच्या 'कोडा' अल्बमच्या वाढीव आवृत्तीत आली. त्याआधी आमच्याकडं चोरटी कॅसेट होती, कितव्या पिढीची कॉपी देव जाणे, गाण्यापेक्षा खरखर जास्त. 'फोर स्टिक्स' ऐका. पाच आणि सहा मात्रांची अदलाबदल आहे, बॉनमला स्वतःला ते घोटायला त्रास झाला होता. तबलजींना तो हिशेब काय जड जाणार?

---

यंत्रमाग

@शिरोलीकर, ते क्रेनला मोबाइल बांधून केलेलं हलगीचं रेकॉर्डिंग इथं टाका की. नुसतं सांगून ठेवलंय.

---

शिरोलीकर

भाच्याकडं आहे, मागवतो. शेवटी चौकीदार "कोण हाय तिथं" म्हणून ओरडतो तेवढं कापायचं आहे.

---

पाचवा_गिअर

चौकीदार कापू नका, तोच आपला ओझी (सॅबथचा गायक). आणि शेवटचा प्रश्न, इथं कुणीच छेडला नाही म्हणून: मेटॅलिकाचा 'मास्टर ऑफ पपेट्स' की 'जस्टिस फॉर ऑल'?

---

शिरोलीकर

पपेट्स. १९८६, त्यांचा बासवाला क्लिफ बर्टन जिवंत असतानाचा शेवटचा. त्याच सप्टेंबरमध्ये स्वीडनमध्ये बस उलटून गेला तो. 'ओरायन'च्या मधल्या भागात त्याचा बास ऐक आणि मग 'जस्टिस' लाव. नव्या गड्याचा बास मिक्सिंगमध्ये असा दाबलाय की हेडफोन लावून शोधावा लागतो.

---

पाचवा_गिअर

गाणी 'जस्टिस'ची भारी आहेत पण.

---

जुना_टीडीके

गाणी भारी, मिक्सिंग फालतू. माझ्याकडं 'जस्टिस'ची कॅसेट आहे, टेप जुनी होऊन वरचा आवाज मेलाय, त्यामुळं बास जरा ऐकू येतो. शनिवारी दुकानात या, लावतो. @तीव्र_मध्यम काकांसाठी दार लावून घेऊ.